गंबुसियाची भूक आणि तापलेलं पाणी

नेहमीप्रमाणे हा भाग बोललो तसाच लिहून काढलाय. अडखळणं आणि मधला खोकला तेवढा वगळलाय.

अकरा वर्षांचा असताना मी मासे चोरले होते. आमचं गाव सासवडच्या पलीकडे. त्या पावसाळ्यात माझ्या चुलत बहिणीला, म्हणजे ताईला, मलेरिया झाला. दिवसाआड, दुपारच्या ठरलेल्या वेळी थंडी भरून यायची. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे आणि संध्याकाळी घामानं अंथरूण भिजायचं. गावात मलेरियाचा एक कर्मचारी यायचा, सगळे त्याला 'हिवतापवाला' म्हणायचे. बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि भिंतीवर तारीख लिहून पुढच्या घरी जायचा. त्यानंच शाळेमागच्या सिमेंटच्या हौदात छोटे मासे आणून सोडले होते. "हे डासांच्या अळ्या खातात," एवढंच तो आम्हा पोरांना म्हणाला.

मला तेवढं पुरलं. पाण्याची रिकामी बाटली घेतली, हौदात बुडवून सात-आठ मासे धरले आणि पळत जाऊन आबांच्या विहिरीत ओतले. आबा म्हणजे माझे आजोबा. ते थारोळ्यावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत. घरात आजारपण, आणि पोरगं आपल्या परीनं काहीतरी करतंय. कोण रागावणार?

गावात त्या माशांना सगळे 'गप्पी' म्हणायचे. ते गप्पी नव्हते, हे मला खूप वर्षांनी कळलं. गप्पीचा नर रंगीत असतो, त्याची शेपटी लहानशा पंख्यासारखी असते. आमच्या हौदातले मासे राखाडी, पोट फुगलेले, एकही रंगीत नाही. एका पुस्तकात चित्र पाहिलं आणि ओळख पटली. तो गंबुसिया होता. आजचा भाग त्याच्याबद्दल आहे. अमेरिकेतल्या दलदलीतला मासा आबांच्या विहिरीपर्यंत आला कसा, हा एक प्रश्न. आणि पाणी तापलं की त्याच्या भुकेचं काय होतं, हा दुसरा. माझ्या डोक्यात खरं तर दुसराच प्रश्न होता, पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की पहिला सोडवल्याशिवाय दुसरा नीट कळत नाही.

आधी नावाची गंमत. क्यूबाचे प्राणिशास्त्रज्ञ फेलिपे पोए यांनी १८५४ साली या कुळाला गंबुसिया हे नाव दिलं. क्यूबाच्या बोलीत 'गंबुसिनो' म्हणजे कशातच जमा नसलेली, फालतू गोष्ट. दिवसभर गळ टाकून माणूस रिकाम्या हातानं घरी आला, की लोक म्हणायचे, गंबुसिनो पकडायला गेला होता वाटतं! म्हणजे ज्याला कुणी मासा म्हणून मोजलंच नसतं, त्याच्या नावावर पुढे डझनावारी देशांच्या सरकारांनी योजना काढल्या.

दिसायला खरंच काही नाही. मादी फार तर सहा सेंटिमीटर, नर तिच्याहून बराच लहान. तोंड वरच्या बाजूला उघडणारं, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरचं टिपायला अगदी सोयीचं. अंडी घालत नाही, मादी थेट पिल्लांना जन्म देते, आणि उबदार पाण्यात तीन-चार आठवड्यांत पुन्हा तयार होते. अमेरिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागातल्या उथळ, संथ पाण्यात हा मूळचा. तिथे त्याच्या दोन जवळच्या जाती आहेत, आणि १९८८ पर्यंत शास्त्रज्ञही त्या दोघींना एकाच जातीचे प्रकार मानत होते. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत कुठला मासा कुठे गेला याचा बराच घोळ आहे. मी या भागात दोघांनाही गंबुसियाच म्हणणार आहे.

आता इतिहास. ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. पुढच्याच वर्षी इटलीत बात्तिस्ता ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा मलेरिया ॲनोफिलिस डासामुळेच पसरतो हे दाखवून दिलं. (श्रेय कुणाचं यावरून या दोघांची पुढे जी जुंपली, तिच्यावर एक वेगळा भाग होईल.) तोवर मलेरिया म्हणजे 'खराब हवा' होती. आता तो एका किड्यावर आला. आणि त्या किड्याचं बालपण पाण्यात जातं.

याचा अर्थ शहरांना किती जड गेला, ते मुंबईत दिसतं. १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल लिहिला. त्यात दोष गेला विहिरींवर. घरोघरी, वाड्यावाड्यांत विहिरी होत्या आणि मलेरियाचा डास त्यांत वाढत होता. मग बुजवा, नाहीतर झाका, अशी मोहीम सुरू झाली. पण विहीर ही काही नुसती पाण्याची टाकी नव्हती. पारशी लोकांसाठी तिचं पाणी पवित्र, हिंदूंच्या घरी तिची पूजा, आणि धार्मिक विधींना उघड्या विहिरीचंच पाणी लागायचं. विरोध झाला, अर्ज गेले, झाकणाला दार ठेवण्यासारख्या तडजोडी निघाल्या. जिथे पाणी बुजवताही येत नाही आणि झाकताही येत नाही, तिथे त्यात अळ्या खाणारं काहीतरी सोडणं हा उपाय किती मोहाचा वाटला असेल, ते मला समजू शकतं. मीसुद्धा तेच केलं होतं की!

मासा मात्र तेव्हाच प्रवासाला निघाला होता. १९०५ साली टेक्सासमधून गंबुसिया हवाई बेटांवर नेले गेले, खास डासांसाठी. मग युरोप. स्पेनच्या पश्चिमेकडे कासेरेस प्रांतात मलेरिया भयंकर होता. तिथे सादी दे बुएन या परजीवीतज्ज्ञानं १९२१ मध्ये अमेरिकेतून गंबुसिया आणवले. समुद्रप्रवासात बरेच मेले, मूठभर तगले. त्या मूठभरांची प्रजा पुढे युरोपभर गेली. १९२२ मध्ये स्पेनहून काही मासे इटलीत गेले. तिथे मासिमो सेला या जीवशास्त्रज्ञानं ते वाढवले आणि पसरवले. आणि १९२८ मध्ये इटलीहून ते भारतात आले. ते आणण्याची नोंद डॉ. बी. ए. राव यांच्या नावावर आहे.

सादी दे बुएन यांच्याबद्दल वाचताना मी थोडा थांबलो. आयुष्यभर मलेरियाशी लढलेला माणूस. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा ते कोर्दोबात होते. फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी त्यांना तिथे गोळ्या घातल्या. आज परदेशी माशांवर लिहिणारे लोक १९२१ च्या त्या खेपेला सरसकट 'चूक' म्हणून मोकळे होतात. मला तेवढ्या सहज म्हणवत नाही. त्या काळी त्यांच्यासमोर तापानं फणफणलेली गावं होती आणि हाताशी फारसं काही नव्हतं.

यश मिळालंच नाही असंही नाही. काळ्या समुद्राकाठच्या सोचीमध्ये दलदलीतला मलेरिया हटवण्याच्या मोहिमेत हा मासा वापरला गेला, आणि तिथे चक्क गंबुसियाचं स्मारक आहे. करंगळीएवढ्या माशाचं स्मारक! आपल्याकडे इतकं कौतुक नाही झालं, पण सरकारी कार्यक्रमांत तो टिकून राहिला. मधे डीडीटी आलं. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, फवारणी झाली, आणि १९६१ पर्यंत रुग्णांचा आकडा लाखाच्याही खाली आला. वाटलं, संपला मलेरिया. मग डास डीडीटीला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. तेव्हा औषधाला पर्याय शोधताना जुनी मंडळी पुन्हा आठवली, त्यांत हा मासाही. आमच्या शाळेमागच्या हौदात तो आला, त्याची पाळंमुळं इथे आहेत.

मासा निवडताना बघितलं काय गेलं? तीन गोष्टी. भराभर वाढतो का, घाण पाण्यात तगतो का, आणि अळ्या किती खातो. तिन्हींत हा पहिला नंबर. म्हणजे त्याची भूक हाच त्याचा दाखला होता. ती भूक आणखी कशाकशाला लागू होते, आणि ती कायम तेवढीच राहते का, हे प्रश्न नंतरच्या पिढीनं विचारले. आता मी माझ्या आवडत्या भागाकडे येतो.

माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. तुमचं-माझं शरीर डिसेंबरात आणि मे महिन्यात सदतीस अंशांच्या आसपासच असतं, त्यासाठी आपण आतल्या आत शेगडी पेटती ठेवतो. गंबुसियाची शेगडी म्हणजे पाणी. पाणी वीस अंश तर मासा वीस अंश, पाणी तीस तर मासा तीस. आणि शरीरातली रसायनं गरम झाली की वेगानं काम करतात. जीवशास्त्रातला ढोबळ नियम असा, की दहा अंश वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. दर अंशाला साधारण सात टक्के पडतात. जग आत्तापर्यंत एका अंशाहून थोडं जास्त तापलंय. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ही वाढ रोज, प्रत्येक माशाला, आणि वर्षभर लागू होते असं धरून बघा.

भूक वाढते म्हणजे नेमकं काय होतं? शिकारी माशाच्या दिवसाचे दोन हिस्से करा. एक, शोधण्याचा: पोहायचं, दिसलं की झडप घालायची. दुसरा, उरकण्याचा: धरलेलं गिळायचं, पोटात जिरवायचं, पुढच्यासाठी जागा करायची. गरम पाण्यात मासा जोरात पोहतो, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त भक्ष्य समोर येतं. आणि पचनही वेगानं होतं, म्हणजे जागा लवकर रिकामी होते. दोन्ही घड्याळं एकदम पुढे पळतात. शिवाय शरीर चालवायलाच जास्त इंधन लागतं, त्यामुळे मासा नुसता खाऊ शकतो असं नाही, त्याला खावंच लागतं.

याला वरची मर्यादा आहे, ती विसरू नका. १९८३ मध्ये वुर्ट्सबॉ आणि चेक या संशोधकांनी गंबुसियाची पिल्लं वेगवेगळ्या तापमानात वाढवून पाहिली. सगळ्यात चांगली वाढ तीस अंशांजवळ झाली. त्यापुढे शरीराचा खर्च इतका वाढतो की खाल्लेलं अंगाला लागत नाही. खालची बाजूही आहे. दहा अंशांच्या आसपास हा मासा जवळजवळ गप्प बसतो, तळाशी जातो, खाणं नावापुरतं. म्हणजे भुकेचा आलेख एखाद्या टेकडीसारखा: हळूहळू चढण, तिशीजवळ माथा, आणि पलीकडे एकदम उतार.

आता परत स्पेनला जाऊ, कारण सगळ्यात बोलका प्रयोग तिथला आहे. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, खाऱ्या-गोड्या दलदलीत, फार्तेत नावाचा एक लहान मासा राहतो. जगात फक्त तिथेच. त्याच्या पाण्यात गंबुसिया घुसला आणि तो मागे हटत गेला. जिरोना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दोघांना एकत्र ठेवून तीन तापमानांना पाहिलं: १९, २४ आणि २९ अंश. गंबुसिया मुळातच भांडकुदळ, फार्तेत त्यामानानं शांत. पाणी गरम होत गेलं तशी गंबुसियाची दादागिरी जड होत गेली आणि खाणंही तोच पटकावू लागला. पण १९ अंशांना चित्र उलटं झालं! थंड पाण्यात गंबुसिया मंदावला आणि अन्न पकडण्यात फार्तेत पुढे गेला.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. फार्तेत आजवर तगून राहिला तो दोन आडोशांमुळे. एक, खूप खारं पाणी, जिथे गंबुसियाचं फारसं चालत नाही. दुसरा आडोसा जागेचा नाही, काळाचा आहे: हिवाळा. वर्षातले काही महिने पाणी थंड होतं आणि दांडगा शेजारी अर्धा झोपतो. तेवढ्यात दुबळ्यानं खाऊन-पिऊन घ्यायचं. पाणी तापत गेलं की हा दुसरा आडोसा दोन्ही टोकांनी कमी होत जातो, शरद ऋतू लांबतो आणि वसंत लवकर येतो. नवीन मासे कुणी आणून सोडायलाच नको. १९२१ मध्ये आणलेलेच जास्त दिवस जेवायला बसतात.

आपल्याकडे या गोष्टीला एक वेगळंच वळण आहे, आणि ते मला आबांच्या विहिरीमुळे कळलं. गावाकडच्यांना माहीत असेल, थंडीच्या दिवसांत पहाटे विहिरीचं पाणी काढलं तर ते कोमट लागतं, त्यातून वाफ निघते. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असतं आणि दख्खनमध्ये ते उबदार असतं. म्हणजे आमच्या विहिरीत गंबुसियाला हिवाळा असा कधी भेटलाच नाही. जी स्थिती स्पेनच्या दलदलीत आता हळूहळू येतेय, ती आपल्या विहिरींत पहिल्या दिवसापासून होती. त्याच्या ताटावर बारा महिने झाकण नव्हतं.

उघड्या, उथळ तळ्यांचं मात्र वेगळं. एप्रिल-मेमध्ये गुडघाभर पाणी पस्तिशीच्या वर जातं, म्हणजे टेकडीच्या पलीकडचा उतार. तिथे मासा दुपारी सावली शोधतो आणि पहाटे-संध्याकाळी खातो. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच्या आसपास. बाकीचे मासे धापा टाकतात तेव्हा गंबुसिया ते वर उघडणारं तोंड पृष्ठभागाला लावतो आणि हवेजवळचा प्राणवायूयुक्त पाण्याचा पातळ थर ओढून घेतो. अळ्या टिपायला उपयोगी पडतं म्हणून ज्या तोंडाचं कौतुक झालं, तेच त्याला उन्हाळ्यातून तारून नेतं.

आणि तो खातो काय? डासांच्या अळ्या खातो, यात खोटं काही नाही. पण अळ्याच वेचून खाईन असा करार त्यानं कुणाशी केलेला नाही. पाण्यातल्या पिसवा, चतुरांची पिल्लं, इतर माशांची अंडी आणि पिल्लं, बेडूकमासे, जे तोंडात मावेल ते. जे मावत नाही त्याची शेपटी नि पर कुरतडतो. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हर्लबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. काही लहान तळ्यांत गंबुसिया सोडले, काहींत नाही. ज्यांत सोडले त्यांतल्या पिसवा आणि बाकीचे सूक्ष्म प्राणी जवळपास संपले. हे प्राणी पाण्यातली सूक्ष्म हिरवी शेवाळं खातात. खाणारे गेले, शेवाळं माजली, पाणी हिरवंगार.

याची उलटी बाजू आपल्या देशात दिसली. नैनितालचा तलाव समुद्रसपाटीपासून एकोणीसशे मीटरहून उंच. तिथेही डासांसाठी नव्वदच्या दशकात गंबुसिया सोडले होते आणि ते प्रचंड वाढले. मग बुरशीच्या एका रोगानं ते मोठ्या संख्येनं मेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की मासे मेल्यावर तलावातले सूक्ष्म प्राणी वाढले, शेवाळं कमी झाली आणि पाणी जास्त पारदर्शक झालं. कॅलिफोर्नियात मासा टाकला तर पाणी हिरवं, नैनितालमध्ये मासा मेला तर पाणी नितळ. पर्यटनाच्या गर्दीत, बोटीतून फोटो काढताना यातलं काही दिसत नाही, हे वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, गरम पाण्यात जास्त खातो, मग डासही जास्त खाईल की. चांगलंच झालं. मीही सुरुवातीला हेच म्हणालो. पण डासाच्या अळीलाही स्वतःची ऊब नसते. तिचंही घड्याळ पाण्यावरच चालतं. थंडशा पाण्यात अळीचा डास व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तीस अंशांजवळ तेच काम आठ-दहा दिवसांत उरकतं. म्हणजे मासा जोरात खातो, पण भक्ष्य ताटात असण्याचा काळ अर्ध्यावर आलेला. उलट बेडूकमासे, माशांची पिल्लं यांना पाण्यात आठवडे, महिने काढावे लागतात, नाहीतर आयुष्यच. वाढलेल्या भुकेचा भार कुणावर पडेल, याचा हिशोब तुम्हीच मांडा. त्यात चतुरांची पिल्लं आणि काही मूळचे मासे स्वतः अळ्याच खातात. आपल्याकडे डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला एक छोटा मासा ओढ्या-तळ्यांत सापडतो, शास्त्रीय नाव ॲप्लोचायलस. तोही पृष्ठभागावरच्या अळ्या टिपतो, आणि तो इथलाच आहे. गंबुसियासारखा भरभर वाढत नाही, म्हणून सरकारी यादीत मागे राहिला.

२०२३ मध्ये आंध्र प्रदेशात जवळपास एक कोटी गंबुसिया सोडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बातम्यांखाली एका बाजूला 'वा, औषधाविना उपाय' आणि दुसऱ्या बाजूला 'हे वेडे झालेत का' असे शेरे. मी दोन्हीकडे पूर्ण नाही. ज्या घरात ताईसारखं कुणी गोधडीत कुडकुडतंय, त्यांना पिसवांची काळजी करा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण माझं मत विचाराल तर सिमेंटचा बंद हौद, ज्यातून पाणी ओढ्याला जात नाही, तिथवर मी ऐकून घेईन. विहीर, तळं, ओढा, नदी इथे नाही. एकदा सोडला की काढता येत नाही, आणि दरवर्षी पाणी थोडं थोडं त्याच्या सोयीचं होत चाललंय. घराभोवतीची डबकी, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करणं हे कंटाळवाणं काम आहे, त्याचा फोटो पेपरात येत नाही. पण तिशीतल्या पाण्यातही अळीला पूर्ण व्हायला आठवड्याहून जास्त लागतो. आठवड्याचा नियम तिथूनच आला आहे.

ताई बरी झाली, हे सांगायचं राहिलं. क्लोरोक्विनच्या कडू गोळ्यांनी आणि आईच्या पेजेनं. आता ती साताऱ्यात शिक्षिका आहे आणि हा भाग ऐकून मला फोन करणार आहे की गोधड्या तीन नव्हत्या, चार होत्या.

आबा गेले त्याच्या दोन वर्षं आधी मी त्यांना बाटलीची आठवण करून दिली. "आबा, मी मासे टाकले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

ते म्हणाले, "काय बोलणार? डास कमी होतील असं मलाही वाटलं. झाले का नाही, देव जाणे. पण त्याच्या पुढच्या पावसाळ्यापासून विहिरीत बेडकाची पिल्लं दिसायची कमी झाली, एवढं आठवतं मला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू मुंबईला गेला होतास शिकायला. आणि त्याच सालात खालच्या वावरात फवारणी सुरू झाली होती, वर मोटर बसली. कशानं गेली कोण सांगणार?"

खरं आहे. एका विहिरीवरून काही सिद्ध होत नाही, आणि मी इथे तसा दावाही करत नाही. गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. विहिरीत पाणी तळाला, जेमतेम कमरेएवढं. घरातला बाळाचा ताप मोजायचा थर्मामीटर निरुपयोगी, म्हणून शहरातून फिशटँकचा घेऊन गेलो होतो. दोरीला बांधून सोडला. उन्हाची तिरीप पडत होती त्या कडेला एकतीस अंश. पायऱ्या उतरून खाली बसलो. डोळे सरावल्यावर दिसले, राखाडी, पोट फुगलेले, सगळी तोंडं वर. मी भाकरीचा बारीक तुकडा टाकला. तो बुडायच्या आत संपला.

वर येताना खिशातली पाण्याची बाटली रिकामी झाली होती. काही मासे भरून घ्यावेत, घरी नीट ओळखता येतील, असं क्षणभर वाटलं. मग बाटलीचं झाकण लावलं आणि फोननं फोटो काढला. तोच या भागाच्या वरती लावलाय.